हात सोडता आला पाहिजे : एकट्या माणसाच्या ओझ्याचा इतिहास

अवजड वस्तू हलवण्याचा जो इतिहास आपण वाचतो, तो बहुधा गर्दीचा इतिहास असतो. परंड्याच्या किल्ल्यातून विजापूरला नेलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ आठवा. सुमारे ५५ टनांचे ते धूड ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. पिरॅमिडांची कथा अशीच आहे आणि देवळांच्या शिखरांवर चढवलेल्या शिळांचीही. हुकूम देणारा एक आणि दोर ओढणारे हजार.

आजचा धागा याच्या नेमका उलटा आहे. जवळ हत्ती नाही, बैल नाही, हाक मारली तर ‘ओ’ देणारा शेजारीही घरी नाही. माणूस एकटा आहे आणि समोर त्याच्याहून जड लोखंड पडले आहे. अशा माणसाने काय केले, याचाही एक इतिहास आहे. तो राजदरबारी लिहिला गेला नाही. गाडीवानांच्या, लोहारांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या हातांत तो राहिला.

सुरुवात एका आधुनिक दृश्यापासून करू. अमेरिकेत निवृत्तीनंतर घरच चाकांवर घेऊन फिरणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्या मोठ्या फिरत्या घरांपैकी एका प्रकाराला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘पाचवे चाक’. हे घर पिकअप ट्रकच्या मागच्या टोकाला अडकवत नाहीत. त्याची मान ट्रकच्या हौद्यावर येते आणि मागच्या आसाच्या जवळपास वर बसवलेल्या एका लोखंडी जोडणीत अडकते. या जोडणीला ‘हिच’ म्हणतात. घराखालची जाड खुंटी, म्हणजे किंगपिन, हिचच्या जबड्यात शिरते आणि जबडा मिटतो. कित्येक टनांचे घर त्या एका मिठीवर ओढले जाते, त्यामुळे ही वस्तू नाजूक असून चालतच नाही. प्रकाराप्रमाणे तिचे वजन साधारण ५० ते १२५ किलो भरते.

अडचण प्रवासात येत नाही, प्रवास संपल्यावर येते. घर अंगणात उभे राहिले की ट्रक इतर कामांना हवा असतो. पण हौद्याच्या मधोमध हे लोखंड ठाण मांडून बसलेले. ते काढायचे, कुठेतरी ठेवायचे आणि पुढच्या हंगामात पुन्हा बसवायचे. हौद्याचा तळ जमिनीपासून जवळपास स्वयंपाकाच्या ओट्याइतका उंच. उचलणाऱ्याला हौद्यात चढून वाकावे लागते. वाकलेल्या पाठीने, हात लांब करून, शंभर किलो उचलायचे! ते करू पाहणारा बहुतेक वेळा साठी ओलांडलेला असतो आणि मुले दुसऱ्या शहरात असतात. मणका एकदा दुखावला की घर घेऊन फिरण्याचे ते आयुष्य तिथेच संपते. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

आता नावाकडे वळू, कारण नावातच निम्मा इतिहास आहे. घोड्यांच्या चारचाकी गाडीला वळवायचे तर पुढचा आस वळला पाहिजे. त्यासाठी पुढच्या आसावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत आणि गाडीचा सांगाडा त्या कड्यावर टेकून फिरे. चार चाके उभी होती, जमिनीवर धावणारी. हे एक मात्र आडवे, जमिनीला कधी न लागणारे. कारागिरांनी त्याला ‘पाचवे चाक’ म्हटले. घोडे गेले, मोटारी आल्या, आणि नाव तसेच राहिले.

१९१४ साली डेट्रॉईट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाचे लोहार आणि गाडे बनवणारे कारागीर होते. फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली नाव उन्हाळी मुक्कामी न्यायची होती. त्याच्याकडे फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार होती. फ्रूहॉफनी मोटारीला जोडता येईल असा गाडा करून दिला, ज्याचा पुढचा भार मोटारीवरच येई. त्याला त्यांनी ‘सेमी-ट्रेलर’ हे नाव दिले. नाव व्यवस्थित पोहोचली, आणि मग सिबलीने लाकूड वाहण्यासाठीही तसेच गाडे मागितले. पुढे १९१८ मध्ये फ्रूहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. याच सुमारास, १९१५ च्या आसपास, चार्ल्स मार्टिन यांनी पुढेमागे डोलू शकणारे पाचवे चाक तयार केले. खाचखळग्यांतून जाताना ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळे झुकले तरी जोडणी मोडू नये, हा त्यामागचा विचार. न्हावा-शेवा बंदरातून निघणारे कंटेनरचे लांबलचक ट्रेलर आपण रस्त्यावर पाहतो, त्यांच्या मानेखालची काळी, ग्रीसने माखलेली थाळी ही याच कुळातली.

या जोडणीला घरगुती प्रवासात आणणाऱ्यांत ग्लेन कर्टिस हे नाव ठळक आहे. होय, विमानविद्येतले तेच कर्टिस. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचे ‘एरोकार’ हे ओढायचे फिरते घर आले. त्याची जोडणी मजेदार होती : मोटारीच्या मागच्या भागात हवा भरलेले एक चाक आडवे निजवलेले आणि घराची खुंटी त्याच्या मधोमध अडकवलेली. धक्के टायर गिळून टाकी. अक्षरशः पाचवे चाकच! पुढे घरे मोठी झाली आणि टायरची जागा पोलादाने घेतली. मालाची वाहतूक करणाऱ्या ट्रकवर ही जोडणी कायमची बोल्ट केलेली असते, ती रोज काढण्याचा प्रश्नच येत नाही. घरगुती पिकअपवर मात्र ती पाहुणी असते. एकट्या माणसाची अडचण इथूनच सुरू झाली.

आता ही अडचण बाजूला ठेवून बावीसशे वर्षे मागे जाऊ. एकट्याने प्रचंड ओझे हलवल्याची सर्वांत प्रसिद्ध कथा आर्किमिडीजची आहे. सिराक्यूजचा राजा हिएरॉन याच्यासमोर त्याने माल आणि माणसांनी भरलेले तीन डोलकाठ्यांचे जहाज दूर बसून, कप्प्यांच्या साहाय्याने, सहजपणे ओढून दाखवले, असे प्लुटार्क लिहितो. प्लुटार्क आर्किमिडीजनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहीत होता. दुसऱ्या एका प्राचीन लेखकाच्या कथेत कप्प्यांऐवजी मळसूत्राचे यंत्र येते. तेव्हा तपशील कितपत खरा, हे प्रत्येकाने आपल्या सावधपणाप्रमाणे ठरवावे. पण कथा अक्षरशः खरी मानली तरी तिच्यात एक गोष्ट सुटते, आणि ती सहसा कोणी लक्षात आणून देत नाही.

जहाज आडवे ओढले जात होते. आर्किमिडीजने मध्येच दोर सोडून कपाळाचा घाम पुसला असता, तरी जहाज होते तिथेच राहिले असते. ओझे उचलायचे असते तेव्हा असे नसते. दोर सोडला की ओझे खाली येते, आणि खाली काय आहे हे ते पाहत नाही.

माझ्या मते एकट्या माणसाचा खरा प्रश्न हाच आहे. बळ कमी पडते ही अडचण तरफेने, कप्प्यांनी, उतरणीने फार पूर्वीच सोडवली होती. पण दोन माणसे असली की एक ओझे धरून ठेवतो आणि दुसरा खाली पाचर मारतो, खिळा बसवतो, गाडी सरकवतो. एकट्याचे दोन्ही हात धरण्यातच अडकतात. उचलले खरे, आता पुढे काय? त्याला हवे असते ते असे यंत्र, की ज्याचा दोर सोडून तो चार पावले दूर जाऊ शकेल.

अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पाच टॅलेंटच्या जोराने हजार टॅलेंटचे ओझे उचलण्याची दातेरी चाकांची मांडणी वर्णन केली आहे. त्याचा ‘मेकॅनिका’ हा ग्रंथ आज मुख्यतः कुस्ता इब्न लुका याने केलेल्या अरबी भाषांतरामुळे उपलब्ध आहे. गणित बिनचूक आहे. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर गॅलिलिओने यंत्रकारांना समज दिली, की यंत्र निसर्गाला फसवत नाही. जोर कमी लागला तर तितकेच अंतर जास्त कापावे लागते. हे सगळे उचलण्याविषयीचे ज्ञान. धरून ठेवण्याविषयी विद्वान फारसे बोलत नाहीत. युरोपच्या मध्ययुगीन बांधकामांवर माणूस आत चालून फिरवायचा तो मोठा चाकरहाट असे. ब्रूगेलच्या १५६३ च्या ‘बाबेलचा मनोरा’ या चित्रात तो स्पष्ट दिसतो. त्यालाही स्वतंत्र ब्रेक क्वचितच असे. ओझे सुसाट खाली येऊ नये ही जबाबदारी चाकातल्या माणसांच्या पायांवर आणि यंत्राच्या घर्षणावर सोडलेली होती.

धरून ठेवण्याची युक्ती रोजच्या कामात आणली ती साध्या माणसांनी. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकात ‘कॉनेस्टोगा’ नावाचे मोठे मालवाहू गाडे चालत. चाकाच्या तुंब्यात वंगण घातल्याशिवाय ते फार दूर जात नसत, म्हणून गाड्याच्या मागे डांबर-चरबीचे भांडे लटकलेले असे. वंगण घालायचे तर चाक काढायचे, आणि चाक काढायचे तर भरलेला गाडा एका बाजूने उचलायचा. रानातल्या वाटेवर गाडीवानाला मदतीला कोण येणार? म्हणून तो सोबत एक जॅक बाळगी. लाकडी ठोकळ्यात दातेरी लोखंडी पट्टी, बाजूला फिरवायचा दांडा आणि दात्यांत अडकणारी एक खिटी. दांडा फिरवला की पट्टी वर सरके. हात काढला की खिटी दात्यात अडकून गाडा तिथेच ठेवी. मग गाडीवान मोकळ्या हातांनी चाक उतरवून वंगण घाली. अमेरिकेतल्या संग्रहालयांत असे जॅक आजही पाहायला मिळतात, आणि कित्येकांवर लोहाराने घडवलेले साल कोरलेले असते. ती खिटी बोटाएवढी असेल. मला ती आर्किमिडीजच्या कथेइतकीच मोठी वाटते.

जॅक खालून रेटतो, काही वीतच. वरून टांगून उचलायचे आणि टांगलेलेच ठेवायचे, याची एक सोपी युक्ती एकोणिसाव्या शतकात आली. इथे या धाग्याचा नायक येतो : थॉमस आल्ड्रिज वेस्टन. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनचा हा माणूस. १८५४ च्या सुमारास त्याने एक कप्पी योजली, जी दिसायला अगदी साधी होती. पुढे बर्मिंगहॅमच्या टँगाय बंधूंनी ती बनवायला घेतली. हे बंधू तेव्हा तसे प्रसिद्धीस आलेले होते. ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज नोव्हेंबर १८५७ मध्ये पाण्यात ढकलताना अडकून बसले, आणि अखेर ३१ जानेवारी १८५८ रोजी ते पाण्यावर तरंगले. त्या खटाटोपात टँगायांचे हायड्रॉलिक जॅक वापरले गेले होते.

वेस्टनची कप्पी समजून घेण्यासारखी आहे, थोडा धीर धरा. वर एकाच आसावर दोन चाके एकमेकांना घट्ट जोडलेली. एक थोडे मोठे, दुसरे थोडे लहान. समजा मोठ्यावर साखळीच्या १२ कड्यांना खाचा आहेत आणि लहानावर ११. खाली ओझ्याची एक सुटी कप्पी. या सर्वांतून टोक नसलेली एकच साखळी फिरते. तुम्ही साखळी ओढून वरच्या चाकांना एक फेरा दिलात, की मोठे चाक १२ कड्या वर घेते आणि लहान चाक ११ कड्या खाली सोडते. खालचा फास एका कडीने आखूड होतो, आणि ओझे अर्धी कडी वर चढते. तुम्ही ओढल्या १२ कड्या, ओझे चढले अर्धी. म्हणजे चोवीसपट फायदा. शंभर किलोंसाठी गणिताने चार किलोंहून थोडा जास्त जोर पुरेल. अर्थात ओझे एक मीटर वर न्यायला चोवीस मीटर साखळी ओढावी लागेल, गॅलिलिओने बजावलेच होते.

प्रत्यक्षात मात्र चार किलो पुरत नाहीत. साखळी आणि चाके यांतल्या घर्षणात निम्म्याहून अधिक श्रम खर्ची पडतात आणि जोर दहा किलोंच्या आसपास लावावा लागतो. एखादा हिशेबी अभियंता याला दोष म्हणेल. गंमत पाहा : नेमका हाच दोष वेस्टनच्या कप्पीचा प्राण आहे. वर चढवताना घर्षण ओझ्यापेक्षाही मोठा वाटा खात असेल, तर उलट दिशेने त्याच घर्षणावर मात करायला ओझे एकटे पुरत नाही. तुम्ही साखळी सोडून द्या. ओझे जिथे आहे तिथेच राहते. खाली आणायचे असेल तर साखळी दुसऱ्या बाजूने ओढावी लागते, तेव्हाच ते इंचाइंचाने उतरते.

१८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ही कप्पी अर्ध्या टनापासून तीन टनांपर्यंतच्या पाच आकारांत मांडली होती, आणि तिला पदकही मिळाले. पुढे अमेरिकेत येल अँड टाउन कंपनीने वेस्टनच्या कप्प्या बनवल्या. नंतरच्या चेन-कप्प्यांत घर्षणात इतके श्रम वाया घालवण्याऐवजी दातेरी चाकांची मांडणी आली आणि धरून ठेवण्याचे काम वेगळ्या ब्रेककडे गेले. त्या ब्रेकची करामत अशी की ओझे स्वतःच त्याच्या चकत्या आवळते; ओझे जितके जड, तितकी पकड घट्ट. त्यालाही वेस्टनचेच नाव आहे. साखळी ओढताना जो टक्-टक्-टक् आवाज येतो, तो दातेरी चाकावरून उडी मारणाऱ्या खिटीचा. कॉनेस्टोगाच्या गाडीवानाला तो ओळखीचा वाटला असता.

इथे एक वैयक्तिक आठवण सांगतो. लहानपणी आमच्या गावच्या गॅरेजात तिकाटण्याला चेन-कप्पी बांधून मिस्त्रीने ट्रॅक्टरचे इंजिन एकट्याने उपसले होते. इंजिन छातीइतके वर आल्यावर त्याने साखळी सोडली, खाली दोन लाकडी ओंडके सरकवले, हात पुसले आणि तो चहा प्यायला गेला. आम्ही पोरे तोंड उघडे टाकून त्या लटकत्या इंजिनाकडे पाहत होतो. ते पडत का नाही, हे त्या वयात कोणीच समजावले नाही. ओंडके का सरकवले, हे तर फार उशिरा कळले : साखळीवर विसंबून ओझ्याखाली हात घालायचा नसतो.

आता या इतिहासातल्या सर्वांत विलक्षण एकट्या माणसाकडे येऊ. एडवर्ड लीड्सकॅल्निन, जन्म १८८७, लाटव्हिया. उंची जेमतेम पाच फूट, वजन शंभर पौंडांच्या घरात, म्हणजे सुमारे ४५ किलो. शाळा चौथीपर्यंत. अमेरिकेत आल्यावर क्षयाने पछाडले म्हणून तो फ्लोरिडाच्या उबदार हवेत आला आणि १९२० च्या दशकात फ्लोरिडा सिटी इथे एकट्याने दगडी वास्तू उभारू लागला. भिंती, मनोरा, खुर्च्या, मेज, चंद्रकोर, सगळे तिथल्याच चुनखडीचे. ज्या जागेला आज ‘कोरल कॅसल’ म्हणतात, तिथे मिळून सुमारे ११०० टन दगड आहे. हे काम तो बहुधा रात्री, कंदिलाच्या उजेडात करी आणि कोणी पाहायला आले की थांबे.

अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच. त्याने गुरुत्वाकर्षणावर विजय मिळवला होता, तो दगडांना गाणी ऐकवी आणि ते हलके होत, पिरॅमिडांचे रहस्य त्याला गवसले होते, असल्या कथा तुम्हीही चित्रफितींत पाहिल्या असतील. तो स्वतः मात्र सांगे की आपल्याला वजनाचे आणि तरफेचे नियम ठाऊक आहेत. त्याचे वडील पाथरवट होते. जुन्या छायाचित्रांत उंच खांबांचे तिकाटणे उभे आहे आणि त्याला साखळी-कप्प्या टांगलेल्या आहेत. दगडाची खाण वास्तूच्या शेजारीच. तिथे मातीचा थर पातळ आणि दगड मऊ. म्हणजे कापायचा, टांगायचा, पाचर मारून टेकवायचा, आणि थोड्या अंतरावर पुन्हा टांगायचा. वेळ मात्र अमाप. त्याने एकूण पाव शतकाहून अधिक काळ हे केले.

मला या दंतकथांचा राग येतो, तो वेगळ्या कारणाने. माणूस गरीब, कमी शिकलेला आणि एकटा असला की त्याच्या कौशल्यावर आपला विश्वास बसत नाही. मग आपण ते श्रेय एखाद्या गूढ शक्तीला देऊन मोकळे होतो. आर्किमिडीजला मात्र कोणी असे विचारत नाही.

आणि आपल्या विषयाशी त्याचा धागा थेट जुळतो. १९३६ च्या सुमारास त्याने सगळा पसारा सुमारे १६ किलोमीटरवर होमस्टेडजवळ हलवायचे ठरवले. ट्रक नव्हता. एका जुन्या ‘रिपब्लिक’ ट्रकच्या सांगाड्यावर त्याने दोन रूळ टाकून ट्रेलर केला, आणि तो ओढायला ओळखीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला सांगितले. ट्रेलर ओढणारा दुसरा, पण दगड चढवणारा आणि उतरवणारा तो एकटाच. अनेक फेऱ्या झाल्या, काही वर्षे गेली. रस्त्यावरच्या लोकांनी भरलेला ट्रेलर जाताना पाहिला. भरताना मात्र कोणी पाहिले नाही.

त्या वास्तूचे एक दार प्रसिद्ध होते. नऊ टनांचा म्हणून सांगितलेला एकच दगड, बोटाने ढकलला तरी फिरणारा. लीड्सकॅल्निन १९५१ मध्ये वारला. १९८६ मध्ये ते दार अडकले. ते बाहेर काढायला सहा माणसे आणि ५० टनी क्रेन लागली. आत काय निघाले? दगडाला वरपासून खालपर्यंत सरळ भोक पाडलेले, त्यात लोखंडी दांडा, आणि तळाशी एका जुन्या ट्रकचे बेअरिंग. गंजलेले.

आता पुन्हा त्या अंगणात येऊ, जिथे आपला निवृत्त गृहस्थ, किंवा एकटीच फिरणारी एखादी आजी, हौद्यातल्या हिचकडे पाहत उभी आहे. आज या मंडळींच्या अनुभवातून जी रीत रुळली आहे, तिच्यात वरचा सगळा इतिहास दडलेला दिसतो.

पहिले म्हणजे ओझे फोडायचे. पुष्कळ हिचचा जबड्याचा भाग आणि खालचा पाया वेगळे होतात. शंभर किलोंचे दोन तुकडे झाले की काम निम्म्यावर येते. मग गॅरेजच्या छतातल्या भक्कम तुळईला चेन-कप्पी टांगायची. इथे घाई नको : छताची पातळ लाकडे आढ्याचा भार पेलायला केलेली असतात, टांगते लोखंड पेलायला नव्हे. ज्याची तुळई भरवशाची नाही, तो गॅरेजवाल्यांची चाकांवरची घडीची क्रेन वापरतो. तिच्यात साखळीऐवजी तेलाचा जॅक असतो, ब्रामाच्या १७९५ च्या दाबयंत्राचा वंशज, आणि तेल मागे जाऊ न देणारी झडप तिथे खिटीचे काम करते.

ट्रक मागे घेऊन हिच बरोबर कप्पीखाली आणायची. पट्टा बांधायचा, खुंट्या काढायच्या, साखळी ओढायची. हौद्याच्या तळापासून चार बोटे वर आले की पुरे. साखळी सोडायची. आणि मग जी युक्ती मला सर्वांत आवडते ती : ओझे हलवायचेच नाही, ट्रक हलवायचा. मागचे फळके खाली पाडून, गाडीत बसून, हळूच पुढे जायचे. हिच हवेत, होती तिथेच लटकत राहते. ज्या यंत्राचा दोर हातात धरून उभे राहावे लागते, त्याने हे एकट्याला कधीच साधले नसते, कारण दोर धरणारा आणि गाडी चालवणारा एकच आहे.

मग तिच्याखाली चाकांची लाकडी गाडी सरकवायची. जाणकार ती गाडी हौद्याइतकीच उंच करतात. दर हंगामाला ओझे जमिनीपर्यंत उतरवून पुन्हा वर चढवण्यात काय हशील? ज्या उंचीवर वापरायचे त्याच उंचीवर ठेवायचे. हिच गाडीवर टेकली की पट्टा सोडायचा, गाडी भिंतीशी ढकलायची, चाकांना अडकण घालायची, जबड्याचे ग्रीस पुसून वर कापड टाकायचे. महिनोन्महिने ती साखळीवर टांगून ठेवू नये. गावच्या मिस्त्रीने दहा मिनिटांच्या चहासाठीही खाली ओंडके सरकवले होते.

पुढच्या हंगामात हेच उलट क्रमाने. ट्रक मागे येताना हिच हौद्याच्या बरोबर वर थांबली पाहिजे. पहिल्या खेपेला ती वीतभर बाजूला राहते, गृहस्थ गाडीतून उतरतो, पाहतो, पुन्हा बसतो, थोडे पुढे, थोडे मागे. पाच-सहा वेळा तरी. शेवटी बरेच जण जमिनीवर खडूने चाकांच्या खुणा करून ठेवतात.